जपान: मोठा भूकंप आणि त्सुनामी. पहिला तास, बदलणारे आकडे आणि बातम्या

प्रश्न: पागोळी

एप्रिलमध्ये तोक्योहून सेन्दाईला बदली होतेय. घर मियागिनो वॉर्डात आहे, समुद्रापासून अंदाजे अडीच किलोमीटर. काँक्रीटची चार मजली इमारत, आमचा तिसरा मजला. घरात आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी. जपानी कामापुरतं बोलता येतं, कांजी (चिनी अक्षरं) वाचण्याच्या नावाने मात्र बोंब आहे.

टेबलाखाली जा, पाणी भरून ठेवा हे सगळीकडे वाचलंय. त्यापुढचं हवंय:

१. ३० जुलै २०२५ ला रशियातल्या कामचात्काचा भूकंप झाला तेव्हा आधी ८.० आकडा आला, मग ८.७, शेवटी ८.८. आधी पिवळा इशारा आणि तासाभराने लाल. अशा वेळी नेमकं कुठल्या आकड्यावर हलायचं?
२. जोराचा धक्का बसला तर पहिल्या पंधरा मिनिटांत कशानंतर काय करायचं?
३. तिसरा मजला पुरेसा आहे का?
४. घरी परत कधी यायचं?
५. भारतातले घरचे टीव्ही बघून फोनवर फोन करतात. त्यांना आधीच काय सांगून ठेवावं?

प्रतिसाद: तळमापी

खरी मेख पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

जपानचं हवामान खातं ठरलेल्या क्रमाने बोलतं. सुरुवातीच्या काही सेकंदांत मोबाइलवर कर्कश भोंगा वाजतो. दीड मिनिटाच्या आसपास कुठे किती हललं ते, म्हणजे शिंदो, येतं. तीन मिनिटांच्या आसपास त्सुनामीचा इशारा. शिंदो म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन किती हलली, मॅग्निट्यूड म्हणजे मूळ भूकंप केवढा होता. शिंदोच्या ० ते ७ अशा दहा पायऱ्या आहेत, कारण ५ आणि ६ चे प्रत्येकी दोन भाग पडतात: खालचा (जाकु) आणि वरचा (क्यो). आपली चॅनेलं शिंदो ६ ला बिनदिक्कत '६ रिश्टर' म्हणून मोकळी होतात, तिकडे लक्ष देऊ नका.

आता आकडे का बदलतात ते. तीन मिनिटांत मिळणारा मॅग्निट्यूड हा कमी कालावधीच्या लहरींवरून, थेट हादऱ्याच्या उंचीवरून काढलेला असतो. ८ च्या वर ही पद्धत थिटी पडते: भूकंप कितीही मोठा असला तरी आकडा तिथेच अडकतो. खरा आकार दीर्घ कालावधीच्या लहरींवरून कळतो आणि त्याला पंधरा मिनिटं तरी लागतात. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला भूकंप झाला आणि २:४९ ला ७.९ धरून इशारा निघाला: मियागीला (सेन्दाई याच प्रांतात) ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमाला ३ मीटर. दीर्घ लहरी मोजणारी देशातली यंत्रं इतक्या जोराच्या हादऱ्याने मोजपट्टीबाहेर गेली, त्यामुळे पंधरा मिनिटांनी जो सुधारित आकडा यायचा तो आलाच नाही. समुद्रातल्या उपकरणांवर पाणी चढताना दिसलं तेव्हा ३:१४ ला मियागीचा अंदाज १० मीटरहून जास्त केला गेला. तोवर किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी वीज गेली होती आणि ती सुधारणा पुष्कळांपर्यंत पोहोचलीच नाही. ८.४, ८.८ आणि शेवटी १३ तारखेला ९.० असा आकडा चढत गेला. ७.९ आणि ९.० मध्ये ऊर्जेचा फरक सुमारे ४५ पट आहे.

यातली सगळ्यात घातक बातमी मात्र वेगळीच होती. तीनच्या सुमारास टीव्ही-रेडिओवर आलं की इवातेतल्या ओफुनातोला पहिली लाट २० सेंटीमीटर. बातमी खरी होती, मोजमापही बरोबर होतं. पण ती ऐकून 'एवढीशीच आहे' असं वाटून काही लोक थांबले, काही अर्ध्यातून परतले. त्याच किनाऱ्यावर नंतर ८ मीटरच्या वर पाणी आलं.

या धड्यावरून मार्च २०१३ पासून पद्धत बदलली आहे आणि पडद्यावर काय दिसतं ते तुम्हाला माहीत हवं:

भूकंप ८ च्या वरचा वाटला आणि नेमका आकार हाताशी नसला तर पहिल्या इशाऱ्यात मीटर देतच नाहीत. '巨大' (क्योदाई, प्रचंड) किंवा '高い' (ताकाई, उंच) एवढाच शब्द येतो. मीटरच्या जागी अक्षरं दिसली तर आकडा यायची वाट बघत बसू नका. आकडा नसणं हीच त्यातली वाईट बातमी आहे.

इशारा मोठा असताना मोजलेली लाट त्या मानाने लहान असली तर तिचाही आकडा देत नाहीत. '観測中' (कान्सोकुचू, मोजणी सुरू) असं येतं. म्हणजे पाणी आलंय, पण ते शेवटचं नाही.

रंग तीन. पिवळा म्हणजे १ मीटरपर्यंत: समुद्रातून आणि किनाऱ्यावरून बाहेर. लाल म्हणजे ३ मीटरपर्यंत. जांभळा म्हणजे ३ मीटरच्या वर. हे अंदाज किनाऱ्यावरच्या पाण्याच्या उंचीचे असतात. उतारावर, अरुंद खाडीत पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. २०११ ला मियाकोजवळ ते जवळपास ४० मीटरपर्यंत गेलं होतं.

म्हणून सेन्दाईत राहताना हलायचं ते आकड्यावर नाही, हादऱ्यावर. उभं राहणं अवघड झालं किंवा हादरा हलका असूनही मिनिटभर थांबेना, तर निघायचं. दुसरी अट महत्त्वाची आहे. १८९६ च्या सान्रिकु (ईशान्य किनारा) भूकंपात घरं नीटशी हललीही नव्हती आणि त्सुनामीने सुमारे २२,००० माणसं नेली. बातमी ही चढायचं की नाही हे ठरवायला नसते, उतरायचं कधी हे ठरवायला असते. चढा, आणि वर बसून ऐका.

अपवाद लांबच्या भूकंपाचा. कामचात्का किंवा चिलीचा हादरा तुम्हाला जाणवणार नाही, तिथे सगळी भिस्त इशाऱ्यावरच. १९६० ला चिलीतून निघालेली त्सुनामी जवळपास एका दिवसाने जपानला पोहोचली आणि १४२ बळी गेले. कामचात्काच्या वेळी ८:२५ ला भूकंप, ८:३७ ला पिवळा इशारा, ९:४० ला लाल. पिवळ्यावर जे किनारा सोडून निघाले त्यांना लाल झाल्यावर धावपळ करावी लागली नाही.

प्रतिसाद: जिनेदार

२ आणि ३ वर.

आधी मजल्याचं. जपानात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. तुमचा तिसरा म्हणजे आपल्याकडचा दुसरा, फरशी जमिनीपासून सहा मीटरच्या आसपास. हा हिशेब चुकून बरेच जण स्वतःला एक मजला वर समजतात.

पुरेसा आहे का? तुमच्या इमारतीचं तीन गोष्टींवर ठरतं. एक, पालिकेच्या हझार्ड मॅपवर तुमच्या पत्त्यावर पाण्याची खोली किती दाखवली आहे (सेन्दाईचा नकाशा इंग्रजीतही मिळतो). दोन, बांधकाम जून १९८१ नंतरच्या भूकंप-नियमांचं आहे का. तीन, गच्चीवर जायचा जिना उघडा असतो की कुलपात. तिसरी गोष्ट घर बघायला जाल तेव्हाच विचारा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हेही.

काँक्रीटची इमारत सहसा टिकते, लाकडी घर दोन मीटर पाण्यात वाहून जायला लागतं. वाकाबायाशी वॉर्डातली आराहामाची प्राथमिक शाळा समुद्रापासून जेमतेम ७०० मीटरवर, चार मजली. २०११ ला पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं, वर गेलेले ३२० जण वाचले. शाळा आता जतन केली आहे, जाऊन भिंतीवरची पाण्याची रेघ बघा. नकाशा वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं.

सेन्दाईची जमीन सपाट आहे, डोंगर लांब. २०११ ला पाणी काही ठिकाणी पाच किलोमीटर आत गेलं. तोबू महामार्गाचा ७ ते १० मीटर उंच भराव आडवा आला म्हणून बऱ्याच भागात ते तिथे अडलं, आणि दोनशेच्या वर माणसं त्या भरावावर चढून वाचली. आता तिथे चढायला पायऱ्या केल्या आहेत. शिवाय किनाऱ्यालगतचा एक रस्ता सहा मीटर उचलून दुसरा बांध केला आहे. तेव्हा पहिला प्रश्न हा की तुमचं घर तोबू महामार्गाच्या समुद्राकडच्या बाजूला आहे की आतल्या. समुद्राकडे असेल तर जवळची त्सुनामी हिनान बिल्डिंग (आसऱ्याची इमारत) किंवा मनोरा शोधा. हिरवी पाटी, माणूस पायऱ्या चढतोय असं चित्र. घरापासून अशा दोन जागा ठरवा, दोन वेगळ्या वाटांवर. एखादी वाट पूल, कालवा किंवा जुनी विटांची भिंत असल्याने बंद होतेच.

क्रम असा धरा:

हादरा सुरू असताना: जागच्या जागी, डोकं झाकून. गॅसकडे धावू नका, शिंदो ५ च्या आसपास मीटर आपोआप गॅस तोडतो. २०११ ला सेन्दाईत जोराचा हादरा तीन मिनिटांच्या आसपास चालला. तेवढा वेळ अंगावर काढायची मनाची तयारी ठेवा, मधे ओसरल्यासारखं वाटतं आणि पुन्हा वाढतं.

थांबताच: आधी बूट. काच सगळीकडे असते आणि तळपाय चिरला की पुढचं सगळं ठप्प. पलंगाजवळ जाड तळाचे बूट आणि टॉर्च कायमचे ठेवा. मग दार उघडून अडकवा, चौकट वाकली तर नंतर उघडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला: ब्रेकर खाली, पिशवी पाठीवर, मुलगी पाठुंगळी किंवा कॅरियरमध्ये. बाबागाडी नको, जिन्यात आणि ढिगाऱ्यात ती ओझं होते. लिफ्ट नाही.

पाचव्या मिनिटाला: रस्त्यावर. लहान मूल घेऊन चालायचा वेग सेकंदाला एक मीटर धरा, म्हणजे एक किलोमीटरला १७ मिनिटं. २०११ ला सेन्दाईच्या सपाटीवर पाणी यायला तासाच्या आसपास लागला, पण तो तास तुमच्या नावावर जमा आहे असं समजू नका. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात सुझुच्या किनाऱ्याला पाणी मिनिट-दोन मिनिटांत टेकलं, इशाऱ्याचाही अजून पत्ता नव्हता.

नदीच्या कडेने पळू नका. पाणी नदीतून जमिनीपेक्षा आधी आणि जास्त आत येतं. इशिनोमाकीची ओकावा शाळा किताकामी नदीच्या मुखापासून चार किलोमीटरवर होती, मागे टेकडी होती, आणि हाताशी पन्नास मिनिटं होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. समुद्र दिसत नाही म्हणजे आपण लांब आहोत, हा हिशेब तिथे चुकला.

प्रतिसाद: गुळवेल

वर चालायचं लिहिलंय, पण तीन वर्षांच्या मुलीला घेऊन किलोमीटर-दोन किलोमीटर? गाडी असेल तर सरळ गाडीने महामार्गाच्या पलीकडे जावं. दहा मिनिटांचं काम.

प्रतिसाद: जिनेदार

गुळवेल, दहा मिनिटं ती रविवारी सकाळी. धक्क्यानंतर सिग्नल बंद असतात, पूल तपासणीसाठी अडवलेले, रस्त्याला भेगा, आणि हाच विचार केलेल्या सगळ्या गाड्या एकाच चौकात. २०११ ला रांगेत उभ्या गाड्यांवर पाणी आलं. गाडीला तरंगायला फार पाणी लागत नाही, आणि बाहेरून पाण्याचा दाब असला की दार उघडत नाही.

सरकारी नियमही हाच: पायी. चालता न येणाऱ्या माणसासाठी गाडी, आणि तीही त्या भागात तसं आधी ठरलं असेल तर. पागोळींच्या घरातले दोघंही धडधाकट आहेत, मूल उचलता येतं. गाडीत असतानाच धक्का बसला तर डावीकडे थांबवा, किल्ली आत ठेवा, दारं कुलूप न लावता सोडा आणि चालू लागा. किल्ली यासाठी की अग्निशमनवाल्यांना गाडी बाजूला करता यावी.

पाण्याचा वेगही ध्यानात घ्या. ४,००० मीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरने येते, १० मीटर खोलीवर ताशी ३६. किनाऱ्यावर 'हळू' झालेली लाटही धावणाऱ्या माणसाला गाठते. आणि ३० सेंटीमीटर वाहत्या पाण्यात मोठ्या माणसालाही उभं राहणं जड जातं, कारण ती लाट फुटून परत जात नाही, मागून दहा-दहा मिनिटं पाणी ढकलतच राहतं.

प्रतिसाद: पागोळी

तळमापी, जिनेदार, मनापासून धन्यवाद. मजल्याचा हिशेब आम्हीही चुकलोच होतो. महामार्गाच्या समुद्राकडच्या बाजूला येतंय घर, त्यामुळे दुसरं बघतोय.

दोन उपप्रश्न. नवरा कामावर आणि मुलगी पाळणाघरात असेल तर? आणि पाणी आलंच नाही, घर शाबूत आहे, पण वीज-गॅस-पाणी गेलंय, अशा वेळी परतल्यावर कशाला हात लावायचा आणि कशाला नाही?

प्रतिसाद: मीटरखाली

घर शाबूत असेल तर बहुतेक नुकसान परतल्यावरच्या पहिल्या तासात माणूस स्वतःच करून घेतो. म्हणून जरा सविस्तर.

वीज: जाताना ब्रेकर पाडला नसेल तर परतल्यावर आधी पाडा. वीज परत येते तेव्हा उलटलेला हीटर, पडदा पडलेला दिवा, तुटलेली वायर यांतून आग लागते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात आणि २०११ मध्येही ज्या आगींचं कारण कळलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त विजेशी संबंधित होत्या. वीज आली की आधी सगळे प्लग काढा, मग मुख्य ब्रेकर, मग एकेक खोली. ओलं झालेलं उपकरण लावूच नका. भूकंप-ब्रेकर मिळतो, जोराच्या हादऱ्यावर आपोआप वीज तोडतो, भाड्याच्या घरात मालकाला विचारून बसवता येतो.

गॅस: आधी वास घ्या. वास असेल तर खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, पंखाही नाही, आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन. वास नसेल तर मीटर तुम्हालाच चालू करता येतो. तो दाराबाहेरच्या पाइपच्या कपाटात असतो आणि लाल दिवा लुकलुकत असतो. घरातली सगळी गॅसची साधनं बंद करा, गीझरसुद्धा. मुख्य कॉक मात्र बंद करू नका. बटणावरचं टोपण काढून बटण आतपर्यंत दाबा, दिवा लागला की सोडा, तो पुन्हा लुकलुकायला लागतो. मग तीन मिनिटं काहीही पेटवायचं नाही, मीटर तेवढ्या वेळात गळती तपासतो. दिवा विझला की झालं. पुन्हा लुकलुकला तर काहीतरी चालू राहिलंय किंवा गळती आहे. सिलिंडरचा गॅस असेल तर हीच तपासणी मिनिटभराची. बहुतेक जण बटण दाबून लगेच शेगडी पेटवून बघतात आणि मीटर पुन्हा तोडतो, मग 'बिघडला' म्हणून दोन दिवस थंड जेवतात.

शौचालय: हे सर्वात दुर्लक्षित. इमारतीतली सांडपाण्याची नळी तुटली आहे की नाही हे कळेपर्यंत फ्लश करू नका, बादलीनेही नाही. तुम्ही वर ओतलेलं खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी न्हाणीत निघतं. 'टबात पाणी भरून ठेवा, फ्लशला होईल' हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. पिशवी आणि घट्ट करणारी पावडर असलेले तात्पुरते शौचालयाचे संच घ्या. माणशी दिवसाला पाच, आठवड्याचे पस्तीस, तिघांचे शंभरच्या वर. आकडा बघून दचकायला होतं, पण जागा एका खोक्याची लागते. पहिली पिशवी भांड्यात आतून कायमची लावायची, दुसरी तिच्यावर. बदलायची फक्त वरची, म्हणजे भांड्यातलं पाणी पिशवीला लागून ठिबकत नाही.

पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. तीन दिवसांचं किमान, आठवड्याचं असेल तर उत्तम. टाकीच्या गाडीवरून आणायला दहा लिटरची घडीची पिशवी आणि ती पाठीवर घेता येईल असं काही. तिसऱ्या मजल्यावर हातात दहा किलो दिवसातून दोनदा चढवून बघा, लगेच पटेल.

आफ्टरशॉक धरून चाला. २०११ ला मुख्य धक्क्यानंतर अर्ध्या तासात इबाराकीच्या किनाऱ्यालगत ७.६ चा झाला, आणि ७ एप्रिलच्या रात्री साडेअकराला मियागीत पुन्हा शिंदो ६-क्यो. महिनाभराने सावरलेली कपाटं तेव्हा परत पडली. आवरताना जड सामान लगेच वर लावू नका.

प्रतिसाद: तळमापी

पाळणाघराचं आणि चौथ्या प्रश्नाचं.

प्रवेश घेतानाच पाळणाघराला विचारा: त्सुनामीचा इशारा असताना मुलं कुठे नेता, आणि इशारा असेपर्यंत पालकांच्या हवाली करता का? चांगलं उत्तर 'नाही करत' हे आहे. इशारा सुरू असताना पालक खाली मुलाला घ्यायला येणं हाच धोका आहे. सान्रिकुच्या किनाऱ्यावर जुनी शिकवण आहे, 'त्सुनामी तेन्देन्को': ज्याने त्याने आपापलं पळायचं, दुसऱ्यासाठी मागे फिरायचं नाही. ऐकायला क्रूर वाटते. पण ती चालते ती आधी ठरवलेलं असतं म्हणून: मुलगी अमुक टेकाडावर असेल हे तुम्हाला माहीत, तुम्ही अमुक इमारतीवर असाल हे नवऱ्याला माहीत. मग कोणालाच कोणाला शोधत फिरावं लागत नाही. कामाइशीत शाळांनी याचा सराव करून घेतला होता, सुमारे तीन हजार मुलांपैकी जवळपास सगळी वाचली.

परतायचं कधी: इशारा पूर्ण उठल्यावर. शब्द '解除' (काईजो). जांभळ्याचा लाल झाला, लालचा पिवळा झाला, म्हणजे उठला नाही, फक्त उतरला. पहिली लाट मोठी असतेच असं नाही, आणि दोन लाटांत अर्धा-पाऊण तासही जाऊ शकतो, त्यामुळे 'बराच वेळ काही आलं नाही' याला अर्थ नाही. कामचात्काच्या वेळी सकाळी साडेदहाच्या सुमाराला होक्काइदोत पहिल्या लाटा ३० सेंटीमीटरच्या होत्या. इवातेतल्या कुजी बंदरात सव्वा मीटरच्या वरची लाट आली ती दुपारी दोनच्या सुमारास. पूर्ण इशारा उठला तो दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला. म्हणजे पिशवीत एका रात्रीचं सामान हवं, दोन तासांचं नाही. तेव्हा उन्हाने गच्च्यांवर लोक हैराण झाले, २०११ ला त्याच दुपारी बर्फ पडत होता. टोपी, पाणी, चंदेरी उष्णता-चादर आणि मुलीचे जास्तीचे मोजे, हे दोन्ही ऋतूंत आत राहू द्या. पाणी ओसरलं की समुद्र बघायला जाऊ नका. आधी पाणी मागे हटतं हाही सार्वत्रिक नियम नाही, थेट चढूनही येतं.

प्रतिसाद: ध्वनिलहरी

बातम्या आणि घरच्यांचं.

रेडिओ घ्या, हाताने फिरवायचा किंवा साध्या बॅटरीचा. सेन्दाईत एनएचके (जपानची सार्वजनिक प्रसारण सेवा) रेडिओ ८९१ किलोहर्ट्झवर. कागदाची चिठ्ठी त्यावर चिकटवा, त्या क्षणी आठवत नाही. मोबाइलवर 'सेफ्टी टिप्स' अॅप, पर्यटन खात्याने केलेलं, इंग्रजीत इशारे देतं. जपानी सिमवर आपत्तीचे इशारे डेटा नसतानाही येतात, पण फोन भारतातून आणलेला असेल तर सेटिंगमध्ये आणीबाणीचे इशारे चालू आहेत का बघा.

टीव्हीवर मोठ्या त्सुनामीला आता मुद्दाम सोप्या हिरागाना लिपीत 'にげて' (निगेते, पळा) असं ठळक लिहितात आणि निवेदक आवाज चढवून बोलतात. नोतोच्या वेळी तो आवाज ऐकून परदेशी लोक घाबरले. तो घाबरवण्यासाठीच असतो, २०११ चा शांत आवाज नडला म्हणून.

समाजमाध्यमांवर दोन गोष्टी हमखास होतात. २०११ चे व्हिडिओ नव्या तारखेने फिरतात, आणि खोटे पत्ते देऊन 'वाचवा' असे संदेश येतात. नोतोत दोन्ही झालं. व्हिडिओत कपडे, झाडं, बर्फ आणि ऋतू जुळतात का बघा, तेवढ्यावरच निम्मे गळून पडतात. 'उद्या दुपारी मोठा भूकंप' असं तारीख-वेळ देऊन कोणी सांगितलं तर वाचणं तिथेच थांबवा. सरकारी सूचनेत कधीही तारीख-वेळ नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्युगानादाच्या (क्युशूजवळचा समुद्र) ७.१ च्या भूकंपानंतर नानकाई या दक्षिण किनाऱ्यालगतच्या मोठ्या भूकंपाच्या पट्ट्याबद्दल जी सावधसूचना निघाली तीही 'शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, आठवडाभर तयारीत राहा' एवढीच होती, आणि आठवड्याने संपली.

अणुप्रकल्पाची बातमी आली तर किरणोत्सर्गाची एककं बघा. मायक्रो आणि मिलीमध्ये हजार पटींचा फरक आहे, आणि 'तासाला' की 'वर्षाला' हे सुटलं तर आकडा निरर्थक. तासाला १ मायक्रोसिव्हर्ट सलग वर्षभर म्हणजे ८.८ मिलीसिव्हर्टच्या आसपास. असा आकडा ओळखीच्या कशाशी तरी ताडून बघितल्याशिवाय पुढे ढकलू नका. कुठून हलायचं ते पालिकेच्या आदेशावर. २०११ ला फुकुशिमा प्रकल्पाभोवती रिकामा करायचा घेरा २१:२३ ला ३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पहाटे १० आणि संध्याकाळी २० असा वाढत गेला, तेव्हा सुरुवातीचा आकडा अंतिम समजू नये हे इथेही लागू.

घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा: मोठ्या भूकंपानंतर फोन लागणार नाही, आणि न लागणं म्हणजे वाईट बातमी नाही. २०११ ला कंपन्यांनी आवाजी कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत रोखले होते, डेटावर मात्र फारच कमी बंधन होतं. म्हणून कॉल नाही, संदेश. ठरलेलं एकच वाक्य, तिघांची नावं, जागा, वेळ: 'तिघं अमुक इमारतीच्या गच्चीवर, १५:२०'. तो एकाच माणसाला पाठवायचा आणि त्याने बाकी सगळ्यांना कळवायचं. मामा, काका, शेजारी, ऑफिस यांनी वेगवेगळं विचारायचं नाही. फोनची बॅटरी बहुधा काळजीपोटी आलेल्या कॉलनीच संपते. भारतातली वेळ साडेतीन तास मागे आहे हेही लिहून द्या, नाहीतर '१५:२०' वाचून तिकडे गोंधळ.

जपानच्या आतल्या आत १७१ ही आपत्तीतली निरोपसेवा आहे. फोन करून १ दाबून नंबर टाका आणि ३० सेकंदांचा निरोप ठेवा, ऐकायला २. भारतातून १७१ लागत नाही, पण त्याचीच वेबवरची आवृत्ती, वेब१७१, बाहेरच्या देशातूनही उघडते आणि तिच्यात लिहिलेला निरोप नंबर टाकून वाचता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दोन्ही सरावासाठी खुली असतात. येत्या १ तारखेला तुमचा जपानी नंबर टाकून एक निरोप ठेवा आणि घरच्यांना तो उघडायला लावा. नंबर देताना पुढचा शून्य ठेवून द्या, देशाचा कोड लावून नाही. तिकडचे लोक सवयीने कोड लावतात आणि निरोप सापडत नाही.